ब्रिटिश मतदाराचे मन

ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणूक पाहण्याच्या उत्सुकतेने तेथे गेलेला भारतीय मनुष्य पहिले काही दिवस बुचकळ्यात पडतो, कारण त्याला निवडणूक कोठे दिसतच नाही. रस्त्यावर मिरवणूक नाही, ध्वनिक्षेपक लावलेली मोटार नाही, रंगविलेल्या भिंती नाहीत, चौकात कमानी नाहीत आणि लाखांच्या सभा तर नाहीतच. एखाद्या खिडकीत उमेदवाराच्या नावाचा कागद चिकटविलेला असतो, एखाद्या घरापुढील बागेत काठीला फळी ठोकलेली असते, एवढेच. बसमध्ये शेजारी बसलेला गृहस्थ पावसाविषयी मनमोकळेपणाने बोलतो, पण निवडणुकीचा विषय काढताच खिडकीबाहेर पाहू लागतो. चारचौघांत, विशेषतः जेवणाच्या मेजावर, धर्म आणि राजकारण हे दोन विषय काढू नयेत असा तेथील जुना शिष्टाचार आहे आणि पुष्कळ घरांतून तो आजही पाळला जातो.

यावरून ब्रिटिश मनुष्याला राजकीय मतच नाही असे कोणी समजेल तर ती मोठी चूक होईल. मत आहे, आणि बहुधा ते चांगले तिखट आहे. ते तो कोठे बोलून दाखवितो, मतपत्रिकेवर खूण करताना त्याच्या मनात काय असते, आणि त्या खुणेचे पुढे पार्लमेंटात काय होते, या तीन गोष्टी मात्र एकमेकींशी जुळतातच असे नाही. अलीकडच्या काळात तर त्यांच्यातील अंतर फारच वाढले आहे.

मत बोलून दाखविण्याची पहिली जागा म्हणजे घराची पायरी. निवडणूक जाहीर झाली की उमेदवार आणि त्याचे कार्यकर्ते छातीवर पक्षाच्या रंगाचे फितीचे फूल लावून गल्लीगल्लीतून हिंडू लागतात. मजूर पक्षाचे फूल तांबडे, हुजूर पक्षाचे निळे, लिबरल डेमोक्रॅटांचे पिवळे. हातात मतदारांची यादी असते. दार वाजवावयाचे, नाव घेऊन नमस्कार करावयाचा आणि यंदा आमच्या पक्षाला आपला पाठिंबा मिळेल काय, असे अदबीने विचारावयाचे. ही मंडळी मतदाराचे मन वळविण्यास आली आहेत असे आपल्याला वाटेल. पण अनुभवी कार्यकर्ता दारात वाद घालीत नाही. तो विचारतो, ऐकतो, यादीत नावापुढे खूण करतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. हा आपला, हा विरुद्ध, हा डळमळीत. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी 'आपल्या' माणसांपैकी कोण अजून आलेले नाही हे पाहून त्यांना घरून बोलावून आणता यावे, यासाठी हा सारा खटाटोप. वाण्याने उधारीची वही काखेत मारून वसुलीस निघावे, तसाच हा प्रकार आहे.

दार उघडणाऱ्यालाही हे ठाऊक असते. 'विचार करून पाहीन' असे तो हसून म्हणाला की कार्यकर्ता निमूटपणे 'विरुद्ध' अशी खूण करतो. 'तुम्ही सारे एकाच माळेचे मणी', 'निवडणुकीखेरीज तुमचे तोंड दृष्टीस पडत नाही', अशी वाक्ये तर प्रत्येक गल्लीत दहा वेळा कानी पडतात. पण खरी तक्रार सुरू होते ती याच्या पुढे, आणि ती परराष्ट्रधोरणाची नसते. रस्त्यातील खड्डा सहा महिने बुजविला नाही. कचऱ्याचा डबा आठवड्याऐवजी पंधरवड्याने उचलला जातो. सकाळी आठाच्या ठोक्याला दवाखान्याकडे दूरध्वनी करीत बसावे आणि लागला तेव्हा आजच्या भेटी संपल्या असे ऐकावे. वास्तविक कचऱ्याच्या डब्याचा आणि पार्लमेंटाचा संबंध नाही. तो स्थानिक कौन्सिलचा विषय. उमेदवाराने तसे सांगावयाचे धाडस केले तर ते मत गेलेच म्हणून समजावे. या गोष्टीला शहाणे लोक हसतात, परंतु हसण्यासारखे त्यात थोडेच आहे. अंदाजपत्रकातील आकडे सामान्य माणसाला तपासता येत नाहीत. दारापुढचा खड्डा तपासता येतो. सरकार धड चालले आहे की नाही हे तो तेथे पाहतो. 1948 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेविषयी तर पक्षभेद फारसा उरत नाही. हुजूर पक्षाला आयुष्यभर मत देणारी वृद्धाही तिला हात लावू देत नाही, आणि तिच्या दुरवस्थेबद्दल जो कोणी सत्तेवर असेल त्याला दोष देते.

कचऱ्याच्या डब्याचा विषय निघालाच आहे तर एक मौज सांगावयास हवी. 2024 च्या निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या यॉर्कशरमधील मतदारसंघात डोक्यावर कचऱ्याच्या डब्याच्या आकाराचे शिरस्त्राण घातलेला एक विनोदी उमेदवार उभा होता. काउंट बिनफेस हे त्याचे नाव. निकाल जाहीर होताना देशाचा पंतप्रधान आणि हा डबाधारी एकाच व्यासपीठावर, एकाच रांगेत उभे होते. त्यासाठी बिनफेस यांना पाचशे पौंडांची अनामत भरावी लागली होती. शेकडा पाच मते न मिळाल्यास ती सरकारजमा होते. आपल्याकडे या प्रकाराला लोकशाहीची विटंबना म्हणतील. तेथील मनुष्य त्यात आपल्या मनातलेच काहीतरी पाहतो. सत्ताधाऱ्याला चार लोकांसमक्ष थोडे खाली उतरविणे, ही त्याच्या मते नागरिकाची मिळकत आहे.

निवडून आलेल्या सभासदाची गाठ पडण्याची आणखी एक रीत आहे. बहुतेक सभासद दर शुक्रवारी किंवा शनिवारी मतदारसंघात येऊन ग्रंथालयात वा चर्चच्या सभागृहात बसतात आणि येईल त्याचे गाऱ्हाणे ऐकतात. डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीला जो शब्द आहे तोच या बैठकीलाही आहे : सर्जरी. तेथे शिपाई नाही, शिफारसपत्र नाही, कोणीही जावे. या मोकळेपणाची किंमत दोन सभासदांनी प्राण देऊन मोजली. 2016 च्या 16 जून रोजी मजूर पक्षाच्या जो कॉक्स यांची बर्स्टॉल येथे, अशाच बैठकीस जाताना, ग्रंथालयाबाहेर हत्या झाली. 2021 च्या 15 ऑक्टोबरला हुजूर पक्षाचे सर डेव्हिड एमेस यांना ली-ऑन-सी येथील मेथॉडिस्ट चर्चच्या सभागृहात, बैठक चालू असतानाच भोसकण्यात आले. त्यानंतर बंदोबस्त वाढला, काही सभासदांनी आधी वेळ ठरवून घेण्याची पद्धत सुरू केली. पण बैठका बंद पडल्या नाहीत. 'सारे एकाच माळेचे मणी' म्हणणाऱ्या लोकांनी त्या दोन्ही ठिकाणी फुलांच्या राशी घातल्या, हेही येथे नमूद करावयास हवे.

नभोवाणीचा या लोकमताशी असलेला संबंध श्रोत्यांना विशेष रोचक वाटेल. ज्या विषयावर पुढील पंधरा दिवसांत पार्लमेंटात चर्चा व्हावयाची असेल, त्या विषयावर बीबीसीने आधी चर्चा घडवून आणू नये, असा एक नियम दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून चालू होता. सभागृहाची प्रतिष्ठा राखण्यासाठी लोकांनी तोंड मिटून थांबावे, असाच त्याचा अर्थ. 1956 साली सुवेझचा प्रश्न पेटला, घराघरांत आणि मद्यगृहांत लोक दुसरे काहीच बोलेनात, आणि तेव्हा हा नियम किती पोकळ आहे ते सर्वांना दिसून आले. तो स्थगित झाला आणि 1957 साली गुंडाळला गेला. त्याच्या आधीच, 1948 साली, 'एनी क्वेश्चन्स' हा कार्यक्रम सुरू झाला होता. गावोगावच्या सभागृहांत चार पाहुणे बसवावयाचे, समोर गावकरी बसवावयाचे आणि गावकऱ्यांनी प्रश्न विचारावयाचे, एवढीच त्याची कल्पना. पाहुण्यांच्या उत्तरांपेक्षा समोरच्या लोकांच्या टाळ्या, कुजबुज आणि मध्येच उठणारे हसे यांतून हवा कोणीकडे वाहते आहे ते अधिक कळते. निवडणुकीच्या दिवशी मात्र बीबीसी आजही मौन पाळते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, मतदान चालू असेतो, पक्षांच्या बाजूंविषयी एक अक्षर नाही. हवामान, कोणता नेता कोठे मत द्यावयास गेला, आणि मतदानकेंद्राबाहेर बांधलेले कुत्रे, एवढ्यावर वार्ताहरांना दिवस काढावा लागतो.

1935 पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारीच झाली आहे. मतदानाची जागा म्हणजे शाळा किंवा चर्चचे सभागृह. क्वचित मद्यगृह, क्वचित कपडे धुण्याचे दुकान. आत फळ्यांचा आडोसा आणि दोरीला बांधलेली एक शिसपेन्सिल. बोटाला शाई लावीत नाहीत. 2023 पर्यंत, उत्तर आयर्लंडचा अपवाद सोडता, ओळखपत्रही मागत नसत. नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हाती पडे. सचित्र ओळखपत्राला पूर्वीच सरावलेल्या भारतीय मतदाराला हे भोळसट वाटेल. पण सरकारने माणसाला 'तू कोण?' असे विचारणे ब्रिटिश मनाला मुळातच रुचत नाही. युद्धकाळातील ओळखपत्रे 1952 साली रद्द झाली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि 2006 च्या कायद्याने ती पुन्हा आणू पाहिली तर 2010 साली नव्या सरकारने तो कायदाच काढून टाकला. म्हणून 2023 च्या मे महिन्यात इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांत प्रथमच ओळखपत्र दाखवावे लागले तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. वृद्धांचा बसचा सवलत-पास चालतो आणि तरुणांचा चालत नाही, ही कुरकुर तर रास्तच होती.

गुप्त मतदानाची पद्धत तेथे 1872 साली आली. त्यापूर्वी मत चारचौघांत बोलून द्यावे लागे, आणि जमीनदार वा कारखानदार समोर उभा असताना कूळ वा कामगार काय बोलणार हे उघडच होते. गुप्त मतपत्रिकेचा पहिला प्रयोग 15 ऑगस्ट 1872 रोजी पाँटिफ्रॅक्ट या यॉर्कशरमधील गावी पोटनिवडणुकीत झाला. हे गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध; मतपेटीला लाखेची मोहोर करावयाची तर त्या गोळ्यांवर उमटविण्याचा कारखान्याचा शिक्काच वापरण्यात आला. आज ब्रिटिश मनुष्य आपले मत शेजाऱ्याला सांगत नाही त्याचे मूळ केवळ शिष्टाचारात नसून अशा काळातही आहे, जेव्हा मत उघड करणे म्हणजे घर किंवा काम गमावणे असे.

तथापि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शेजाऱ्याने विचारण्याची गरजही फारशी नव्हती. माणूस कोठे राहतो, काय काम करतो आणि सकाळी कोणते वृत्तपत्र घेतो, यावरून त्याचे मत ओळखता येई. कोळशाच्या खाणीच्या गावात मजूर पक्ष, समुद्रकाठच्या निवृत्तांच्या गावात हुजूर पक्ष. 'डेली मिरर' वाचणारा मजूर, 'डेली टेलिग्राफ' वाचणारा हुजूर. अपवाद असत, कामगारांतही हुजूर पक्षाला मत देणारे पुष्कळ होते. पण पक्ष हा कुळाचारासारखा बापाकडून मुलाकडे येई. 1950 साली शेकडा 84 मतदारांनी मतदान केले. 1951 साली शंभरातील सुमारे 97 मते या दोन पक्षांतच वाटली गेली. 2024 साली जेमतेम 60 टक्के लोक मतदानास गेले, आणि त्या दोन जुन्या पक्षांना मिळून 58 टक्केही मते पडली नाहीत.

मधल्या काळात कुळाचार सुटला. खाणी बंद झाल्या, कारखाने गेले, कामगार-संघटना रोडावल्या, मुले शिकून दुसऱ्या शहरांत गेली. शिवाय माणसे विटली. 2016 ते 2022 या काळात देशाने पाच पंतप्रधान पाहिले आणि त्यांतील लिझ ट्रस यांची कारकीर्द तर 49 दिवसांची ठरली. 2017 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निवडणूक घेतली जाणार ही बातमी ब्रिस्टलमधील एका वयस्क बाईला वार्ताहराने रस्त्यात सांगितली, तेव्हा तिने 'पुन्हा?' अशा अर्थाचा जो वैतागलेला उद्गार काढला, तो देशभर लोकांनी आपलाच म्हणून उचलला. 1983 पासून चालत आलेल्या 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' या पाहणीत 2023 साली शेकडा 45 लोकांनी सांगितले की, पक्षाच्या हितापेक्षा राष्ट्राचे हित वर ठेवण्याच्या बाबतीत कोणत्याही पक्षाच्या सरकारवर आपण जवळजवळ कधीच विश्वास ठेवीत नाही. पायरीवरचे ते 'एकाच माळेचे मणी' आता आकड्यांत आले म्हणावयाचे.

आता त्या पेन्सिलीच्या खुणेचे पुढे काय होते ते पाहू. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, हा तेथील नियम. आपल्या लोकसभेसाठीही आपण तोच घेतला आहे. एका वर्गात चाळीस मुले आहेत आणि वर्गनायकपदासाठी चौघे उभे आहेत असे समजा. मते पडली तेरा, दहा, नऊ आणि आठ. तेरावाला वर्गनायक झाला. सत्तावीस मुलांना तो नको होता, पण त्या सत्ताविसांचे एकमत नव्हते. दोनच पक्ष असतात तेव्हा हा दोष झाकून राहतो. तेव्हाही तो पुरता झाकला जात नसे : 1951 साली मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा सव्वादोन लाखांहून अधिक मते पडली, तरी 321 जागा मिळवून चर्चिल पंतप्रधान झाले आणि 295 जागा घेऊन ॲटली विरोधी बाकांवर बसले. पाच पक्ष रिंगणात आले की मग हिशेबाला काही धरबंदच राहत नाही.

2024 चे आकडे पाहण्याजोगे आहेत. मजूर पक्षाला 97 लाख मते, म्हणजे शंभरात 34 सुद्धा नाहीत. जागा 650 पैकी 411. त्याच पक्षाला 2019 साली त्याहून अधिक, म्हणजे एक कोटी दोन लाखांवर मते पडली होती, आणि जागा मिळाल्या होत्या 202. मते घटली आणि जागा दुप्पट झाल्या! निगेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला 41 लाख मते आणि पाच जागा. लिबरल डेमोक्रॅटांना त्याहून कमी, 35 लाख मते, आणि 72 जागा. मजूर पक्षाच्या एका सभासदामागे सुमारे चोवीस हजार मते, तर रिफॉर्मच्या एका सभासदामागे आठ लाखांवर. फराज यांच्या मतांविषयी कोणाला काहीही वाटो. एकेचाळीस लाख माणसांनी पेन्सिल उचलली आणि सभागृहात पाचच खुर्च्या दिसल्या, तर ती माणसे पुढच्या वेळी पायरीवर काय बोलतील याचा अंदाज करणे कठीण नाही.

हे गणित मतदाराला कळत नाही असे नव्हे. ते पुरेपूर कळते, म्हणून तर तो आपल्या आवडीच्या उमेदवाराला मत देतोच असे नाही. जो नको आहे त्याला पाडण्याची शक्ती कोणात आहे हे पाहून तो खूण करतो. दक्षिण इंग्लंडातील मजूर पक्षाचा जुना अनुयायी हुजूर उमेदवाराला हटविण्यासाठी नाक मुठीत धरून लिबरल डेमोक्रॅटाला मत देतो. पुढे त्या बहात्तर जागांकडे बोट दाखवून जनतेने आपले धोरण उचलून धरले असे त्या पक्षाचे पुढारी सांगतात, तेव्हा तो गृहस्थ घरी बसून काय म्हणत असेल!

ही पद्धत बदलण्याची संधी लोकांना एकदा मिळाली होती. 2011 च्या मे महिन्यात सार्वमत घेऊन विचारण्यात आले की उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देण्याची रीत स्वीकारावी काय. 42 टक्के लोक मतदानास गेले आणि त्यांतील 68 टक्क्यांनी नकार दिला. या नकारावरून लोकांना जुनीच पद्धत प्रिय आहे असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. त्या वेळी लिबरल डेमोक्रॅट पक्ष हुजूर पक्षाबरोबर सरकारात होता आणि विद्यापीठांची फी वाढू देणार नाही हे वचन त्याने नुकतेच मोडले होते. पुष्कळांनी प्रश्नाला उत्तर न देता तो विचारणाऱ्याला उत्तर दिले. सार्वमतांत असे वारंवार घडते.

2016 चे सार्वमत मात्र वेगळ्या जातीचे होते. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे या प्रश्नावर 72 टक्के मतदान झाले, आणि 51.9 टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. ज्या मतदारसंघांत एकाच पक्षाची पिढ्यान्‌पिढ्या मिरास होती, तेथील माणसाच्या मताला त्या दिवशी प्रथमच दुसऱ्या कोणाच्याही मताइतके वजन आले. जो कधी मतदानाला जात नसे तोही गेला. त्याने जे उत्तर दिले ते शहाणपणाचे होते की नव्हते, यावर तेथे अजून भांडणे होतात. एकाच घरात आई एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी झाली. जेवणाच्या मेजावरचा तो जुना शिष्टाचार त्या उन्हाळ्यात मोडला आणि अनेक कुटुंबांनी तो नंतर मोठ्या प्रयत्नाने पुन्हा बसविला.

या प्रश्नाचा आपल्या माणसांशी थेट संबंध आला तो स्विंडन शहरात. 1843 ते 1986 पर्यंत येथे आगगाडीचा मोठा कारखाना होता. 1983 पासून हे शहर, आणि जागा दोन झाल्यावर त्या दोन्ही जागा, पुढे सत्तेवर येणाऱ्या पक्षालाच सभासद देत आल्या आहेत; त्यामुळे येथील पायरीवर उमेदवारांची वर्दळ मोठी. याच शहरात गेल्या दोन-अडीच दशकांत गोव्याची हजारो माणसे स्थायिक झाली. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि ते घेतले की युरोपीय संघाच्या नियमाने ब्रिटनमध्ये काम करता येत असे. कोठारांतून आणि कारखान्यांतून ही मंडळी राबली, रविवारच्या मिस्सेला त्यांनी चर्चे भरली, दुकानांतून कोकणी ऐकू येऊ लागली.

आता कायद्याची गंमत पाहा. पार्लमेंटाच्या निवडणुकीत ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर, ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांनाही मत देता येते. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणून मडगावहून शिकावयास आलेला, भारतीय पारपत्र बाळगणारा विद्यार्थी तेथे जाताच यादीत नाव घालून पंतप्रधान ठरविण्यात भाग घेऊ शकतो. त्याचा चुलतभाऊ दहा वर्षे कोठारात रात्रपाळी करीत आहे, कर भरतो आहे, पण पोर्तुगीज पारपत्रावर आला आहे. त्याला कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे, पार्लमेंटाच्या नाही. 2016 च्या सार्वमतातही हाच नियम लावण्यात आला. ज्याच्या राहण्या-जाण्याचाच प्रश्न होता त्याला विचारले गेले नाही. ज्याला त्याचे सोयरसुतक नव्हते त्याला विचारले गेले. स्विंडनने सुमारे 55 टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. यात कोणाचा दुष्टावा होता असे नाही. साम्राज्याच्या काळी बादशहाचा प्रत्येक प्रजाजन मताधिकारास पात्र असे. साम्राज्य गेले आणि नियम राहिला.

त्याच नियमाच्या आधारे एके काळी मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनमध्ये उमेदवार म्हणून उभे राहू शकले. बडोद्याचे दिवाणपद काही काळ सांभाळलेल्या या गृहस्थाचा 1886 साली पराभव झाला, आणि इंग्रज मतदार अजून 'काळ्या मनुष्या'ला निवडून देण्याच्या स्थितीत नाही, असे लॉर्ड सॉल्झबरी 1888 साली भर सभेत बोलले. त्या उद्गाराची इंग्लंडातच मोठी निर्भर्त्सना झाली. 1892 साली सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे दादाभाई निवडून आले, ते अवघ्या पाच मतांनी. नौरोजी हे नाव जिभेवर बसत नव्हते म्हणून थट्टेखोरांनी त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणजे निसटते बहुमत, असेच म्हणावयास सुरुवात केली. पुढे मुंबईचेच मंचेरजी भावनगरी 1895 मध्ये हुजूर पक्षातर्फे आणि शापुरजी सकलातवाला 1922 मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्याने कम्युनिस्ट म्हणून निवडून आले. तिघेही मुंबईचे पारशी, आणि तिघांचे तीन पक्ष! भावनगरींना 1906 मध्ये मतदारांनी पाडले ते बहुतांशी ते हुजूर पक्षाचे होते म्हणून. त्या वर्षीच्या उदारमतवादी लाटेत त्यांचे गोरे पक्षबंधूही शेकड्यांनी वाहून गेले. पक्षाची चिठ्ठी पाहून खूण करण्याची सवय इतकी बळकट होती.

ती सवय आता किती उरली आहे हे पाहावयाचे तर 1 मे 2025 रोजी चेशरमधील रंकॉर्न आणि हेल्सबी या मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक पाहावी. दहा महिन्यांपूर्वीच ही जागा मजूर पक्षाने चौदा हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकली होती. अशा जागेला तेथे 'सुरक्षित' म्हणतात. रात्रभर मोजणी चालली. अंतर इतके थोडे निघाले की मते पुन्हा मोजावी लागली. उजाडता उजाडता निकाल आला : रिफॉर्म यूके पक्षाच्या उमेदवार सारा पोचिन सहा मतांनी विजयी. मतदारसंघातील निम्म्याहून अधिक मतदार त्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते.